ओपलची किंकाळी

बोलपट नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. लॉस एंजेलिसच्या एका लहानशा थिएटरपुढे भुताच्या सिनेमाला रांग लागली होती. रांगेतल्या हॅटीबाई नावाच्या एका बाईंच्या पुढे एक आंधळा म्हातारा आणि त्याची लेक ओपल उभी होती.

“बाबा, मी नायिका आहे असं सगळ्या गल्लीला कशाला सांगितलंत?”

“मग? तूच म्हणालीस, सिनेमात काम मिळालं.”

“मिळालं. पण पडद्यावर मी नाहीच. नायिका दुसरीच आहे. तिला धड किंचाळता येईना, म्हणून मला आडोशाला माइकपुढे उभं केलं.”

“नुसतं किंचाळायला?”

“नुसतं. भूत तर पुठ्ठ्याचं होतं, मला हसूच येत होतं. रागावलात ना?”

“रागावू कशाला? तोंड कुणाचंही असो, मला काय दिसणारय?”

“आणखी एका पोरीच्याही किंकाळ्या आहेत त्यात. माझी कुठली, ते सांगते.”

“सांगू नकोस. लेकीचा आवाज ओळखू येईना, तर बाप कसला?”

“आणि नाही ओळखलात तर?”

“तर गल्लीत तोंड दाखवणार नाही. चल, रांग सरकली.”

आत हॅटीबाई त्यांच्या मागेच बसल्या. पहिल्या किंकाळीला सगळं थिएटर दचकलं. म्हाताऱ्याने शांतपणे शेंगदाणा तोंडात टाकला. दुसरीला “ही पण नाही,” असं पुटपुटला. तिसरी किंकाळी उठली, तसा तो काठी उगारून ताडकन उभा राहिला.

“बाबा, बसा खाली,” ओपल त्याची बाही धरून म्हणाली, “मी इथंच आहे.”