दोन्ही बाजू

…नाही, सासरा हायकोर्टाचा न्यायमूर्ती असू नये असं मी म्हणत नाही, पण रिटायर झाल्यावर तरी माणसानं थोडं एकतर्फी व्हावं की नाही? तुम्हाला सांगतो, सासूबाई गेल्यावर अप्पा पहिल्यांदाच मस्कतला आमच्याकडे आलेले, दार्सैतला, आणि पूर्वाचं, म्हणजे आमच्या हिचं, एकच पालुपद… अप्पांना आता नागपूरला एकटं पाठवायचं नाही, इथेच ठेवायचं, तुम्ही विचारा, तुमचं ऐकतील. विचारलं. तर काय म्हणाले? "जयप्रकाशराव, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी निर्णय देत नाही."

आता दुसरी बाजू कुठून आणू? पण त्यांचं आयुष्यच त्यात गेलेलं. तालुक्याच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत नुसत्या बदल्या, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, कुणाकडे जेवायचं नाही, उद्या तोच कोर्टात समोर उभा राहिला तर? इथेही तेच. खालचे जैनुद्दीनभाई, रत्नागिरीचे, इतक्या प्रेमानं जेवायला बोलवायला आले, तर अप्पा मला आत नेऊन विचारतात, "यांचं काही प्रकरण चालू नाही ना?" अहो, मस्कतमध्ये? तुमच्यापुढे? गेले नाहीतच. गॅलरीत बसून खालून इथल्या हिंदूंच्या देवळात जाणारी माणसं बघत राहायचे… एवढ्या मोठ्या माणसाला मित्र म्हणून कुणी नाही हो. मला फार वाईट वाटायचं.

तर एका शुक्रवारी, इथली सुट्टी ती, पूर्वा देवळात गेलेली, अप्पा म्हणाले, "दुसऱ्या बाजूनं कोणी नसेल तर तुम्हीच मांडा." इथे मी फसलो. मी इथे हमरियाच्या बाजारात एसीचे पार्ट विकतो, एकदा तोंड सुटलं की गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत थांबत नाही. म्हटलं, अप्पा, दोन खोल्यांचा फ्लॅट, आम्ही दोघं दिवसभर कामावर, उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकता येत नाही, तुमची नात इंग्रजीत बोलणार, आणि आमचा मालक, तो अर्बाब, उद्या खलास, नोकरी संपली म्हणाला की आमचीच बॅग भरलेली, मग तुम्हाला कुठे नेऊ? तिकडे तुमचं घर आहे, पुस्तकं आहेत, सासूबाईंनी लावलेलं लिंबाचं झाड आहे, त्याला पाणी कोण घालणार?

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "उत्तम मांडलंत. याला तुमच्याकडे उत्तर आहे?"

मीच इतकं पक्कं बांधलेलं, आता फोडू कुठून? एवढंच म्हटलं, "अप्पा, आम्हाला तुम्ही हवे आहात."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला. "हा मुद्दा होत नाही, जावईबापू," म्हणाले, "पण बरं वाटलं."

पुढच्याच आठवड्यात नागपूर. निघायच्या दिवशी मात्र स्वतःहून जैनुद्दीनभाईंकडे चहाला गेले, म्हणाले, आता मी हद्द सोडूनच चाललोय, हरकत नाही. तासभर बसले. आतून हसण्याचा आवाज येत होता. ते हसतात हे मला तेव्हा कळलं.

विमानतळावरून परतताना पूर्वा म्हणाली, "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?" म्हटलं, अगं, ऐकून तर घे… तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

बघा म्हणजे, सासऱ्यांनी माझ्या दोन्ही बाजू ऐकल्या. बायको एकही ऐकत नाही.