धाकटा काही संपेना

...टिकावी, मी कुठं नाही म्हणतोय, पण बॅटरीनं किती टिकावं याला काही धरबंध? नाही, बघा, खुशाल बघा. मघापासून या बाकावरचे तुम्ही सगळे माझ्याकडे बघताय, की हा पन्नाशीतला चांगला गृहस्थ बस स्टँडवर तळहातावर उघडा लॅपटॉप परातीसारखा धरून का उभा आहे आणि मधूनमधून एकच बटण का दाबतोय. तिकीट तपासणाऱ्यानं दोनदा येऊन विचारलं, कसला सर्व्हे आहे म्हणून. सर्व्हे बिर्व्हे काही नाही. माझी मुलगी येतेय सहाच्या बसनं, बसला उशीर आहे, तुम्हीही रिकामे, मीही अडकलेला, तर सांगूनच टाकतो.

आमची कंपनी बिजागऱ्या करते. दाराच्या, कपाटाच्या, पेटीच्या. कुठली बिजागरी किती नग आणि कधी लागणार याची चाळीस हजार ओळींची यादी, ती माझ्याकडे. एकोणीस वर्षं. आणि ऑफिसात लॅपटॉपच्या तीन पिढ्या. आठ वर्षांपूर्वीचा, त्याला मी थोरला म्हणायचो, तो एकट्या माझ्याकडे उरलेला. चार वर्षांपूर्वीचा मधला, तो बाकी सगळ्यांकडे. आणि धाकटा म्हणजे नवाकोरा, नमुन्याला आणलेला एकच, खोक्यातला.

थोरल्याची बॅटरी पन्नास मिनिटं. लोक म्हणायचे, अरेरे. अहो अरेरे काय, तुम्हाला सांगतो, त्या पन्नास मिनिटांनी मला जगवलं. साहेबांची मीटिंग तीनला सुरू व्हायची, चारला दहा कमी असताना थोरला टुंक करून डोळे मिटायचा, मी लगेच चेहरा पाडायचो, "सर, चार्ज गेला, जरा जागेवर लावून येतो", की झालं, एक चहा, दोन माणसांशी चार शब्द, परत जातोय तर मीटिंग उठलेली. ती यादी उघडायला सांगितली की चार मिनिटं नुसतं गोल चक्र फिरत राहायचं, तेवढ्यात मी पाणी पिऊन, खिडकीतून समोरच्या गॅरेजवाल्यानं कुठली गाडी खोललीय ते बघून यायचो. मधल्याला तीच यादी उघडायला चाळीस सेकंद लागतात. धाकट्याला दोन. दोन सेकंदांत माणसानं कुठं जायचं, सांगा तुम्ही मला?

मग बिघडलं कुठं? तर माझ्या तोंडानं. ऑफिसात सुखानं राहायचं तर अधूनमधून कुरकुरावं लागतं, नाहीतर लोकांना संशय येतो. म्हणून मी आपला मीटिंगमध्ये बोलायचं म्हणून बोललो, "सर, या बॅटरीचं काहीतरी बघायला हवं." आमच्याकडे अशी रीत आहे की जो बोलला त्याच्या गळ्यात काम. साहेब म्हणाले, "उत्तम. तिन्ही शेजारी ठेवा, एकच काम द्या, शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत, आणि कोण किती टिकतो त्याचा अहवाल द्या. त्यावर ठरवू सगळ्यांना नवे घ्यायचे का." आणि वर म्हणाले, "तुम्हाला चिकाटी आहे." चिकाटी आहे म्हणाले की समजावं, आपली धडगत नाही.

आमचा सिस्टीमवाला, म्हणजे कंपनीतले सगळे कॉम्प्युटर सांभाळणारा, तो माणूस कधी हसलेला मी पाहिला नाही. त्यानं मला आतल्या छोट्या खोलीत नेलं. खिडकी नाही, एक टेबल, एक घड्याळ, भिंतीवरच्या सॉकेटांना त्यानं खाकी टेप मारलेली, चुकून कुणी चार्जर लावू नये म्हणून. तिघांना ओळीनं मांडलं आणि सपाट आवाजात म्हणाला, "दर पंधरा मिनिटांनी टक्के लिहायचे. चार मिनिटं हात लागला नाही तर स्क्रीन झोपते. झोपली की चाचणी बाद, पहिल्यापासून करायची. झाकण मिटलं तरी झोपते. शेवटचा संपेपर्यंत उठायचं नाही." मी म्हटलं, "अरे, ती झोपायची सेटिंग बदल की." तर म्हणतो, "ती वरून लॉक आहे. मलाही बदलता येत नाही." वरून म्हणजे कुठून, हे एकोणीस वर्षांत मला कळलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग त्यात काय एवढं? अहो, त्याच दिवशी माझी मुलगी निघणार होती. पहिली नोकरी, दुसरं शहर, याच स्टँडवरून, सातची बस. आणि माझा इतिहास काय सांगू. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी गोदामात पेट्या मोजत होतो. तिच्या पोहण्याच्या स्पर्धेला पोचलो तेव्हा तलावाचं पाणीसुद्धा शांत झालेलं. पदवी घेतली त्या दिवशी गेलो, वेळेवर गेलो, पण फोटोत माझ्या कानाला फोन आणि फोनमध्ये साहेब. म्हणून या वेळी मी स्वतःहून शब्द दिला होता, साडेसहाला स्टँडवर हजर. ती "बरं बाबा" म्हणाली. त्या "बरं"मध्ये विश्वास किती होता ते विचारू नका.

पण माझा अंदाज पक्का होता. थोरला पन्नास मिनिटं, मधला साडेतीन तास, मग धाकटा जाऊन जाऊन किती जाईल, सात? खोक्यावर काहीच्या बाहीच छापलेलं होतं, पण खोक्यावर विश्वास कोण ठेवतो. नऊला बसायचं, चारला उठायचं, घरी जाऊन तिची बॅग उचलायची. हिशोब चोख.

थोरला दहाला दहा कमी असताना गेला, वचनाचा पक्का. मधला साडेबारा वाजून पाच मिनिटांनी गेला, जाताना पंखा घरघरला बिचाऱ्याचा. मी धाकट्याकडे बघितलं. पंच्याहत्तर. म्हटलं, असेल, सुरुवातीला हळू उतरत असेल. दोनला पासष्ट. मग मी बोटांवर हिशोब केला, रात्रीचे अकरा. बरं, माणसाला नैसर्गिक गरजा असतात की नाही? डिस्पॅचच्या बाई दारावरून चालल्या होत्या, त्यांना हात जोडले, म्हटलं पाच मिनिटं बसा. त्या म्हणाल्या, "बसते, पण दाबू काय?" मी म्हटलं, "काहीही दाबा हो." परत येतो तर कपाटाच्या बिजागऱ्यांच्या तीनशे ओळी गायब. "तुम्हीच म्हणालात, काहीही." आणि त्या गेल्या, मी बसलो ओळी परत आणत, कारण शेवटचा संपेपर्यंत उठायचं नाही.

मग मी, आता तुमच्यापासून काय लपवू, थोडी लबाडी केली. उजेड पूर्ण वाढवला. चाळीस खिडक्या उघडल्या. एका माणसाचा विहीर खणतानाचा तीन तासांचा व्हिडिओ लावला. यादीतल्या चाळीस हजार ओळी उलट्या लावल्या, परत सुलट्या लावल्या. मधला असता तर टेबलावरून उडून पडला असता. धाकटा गरमसुद्धा झाला नाही. चारला एक्कावन्न. मी त्याच्याशी बोलायला लागलो हो, "बाबा रे, दमला असशील, मीट डोळे." तो आपला लखलखीत.

बायकोचा फोन, "निघालात?" म्हटलं, निघतोच. पाचला परत फोन, "निघालात?" म्हटलं, चव्वेचाळीस. ती म्हणाली, "चव्वेचाळीस काय?" मी सांगितलं. तिनं फोन ठेवला. तोवर मी सिस्टीमवाल्याकडे निरोप धाडला होता की उद्या केलं तर चालेल का. उत्तर आलं, "चालेल. पहिल्यापासून. आणि साहेबांना उद्या सकाळी नऊला अहवाल हवाय."

साडेपाचला मुलीचा फोन. मी आधीच सुरू केलं, अगं असं झालं, तसं झालं, ती मध्येच म्हणाली, "बाबा, नाही जमलं तर राहू द्या. सवय आहे मला." रागानं नाही. अगदी प्रेमानं. रागावली असती तर परवडलं असतं, खरं सांगतो, मी त्या बिनखिडकीच्या खोलीत टेप मारलेल्या सॉकेटांकडे बघत बसलो आणि मला रडू यायला लागलं. तेवीस वर्षांच्या मुलीला बापाच्या न येण्याची सवय आहे. आणि तेवढ्यातही माझं बोट आपोआप बटण दाबत होतं, चार मिनिटं झाली होती ना.

मग फोन तिच्या आईनं हिसकावला. म्हणाली, "अहो, ते यंत्र उचलता येतं ना?"

म्हटलं, हो.

"मग उचला."

आता हसा. हसायचंच आहे. उचलून नेता यावा म्हणूनच ज्याला लॅपटॉप म्हणतात, त्याच्यासमोर मी पावणेनऊ तास खिळलो होतो. उठायचं नाही म्हणाला म्हणून मी उठलो नाही. शाळेत जसा बस म्हटल्यावर बसलो तसा आजतागायत बसलोय, दुसरं काय.

निघालो. झाकण मिटून चालणार नाही, म्हणून असाच उघडा, डाव्या तळहातावर, उजव्या हातानं बटण. बिजागरीचा माणूस आहे मी, झाकण किती कलतं केलं तरी चालेल हे मला अंगठ्याला कळतं. रस्त्यावर लोक बाजूला व्हायचे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानं भिंग काढून बघितलं. एका म्हाताऱ्या गृहस्थानं स्वतःहून नाव, वय आणि घरात माणसं किती ते सांगितलं. सव्वासहा, पस्तीस टक्के, मी स्टँडवर.

ती या इथंच उभी होती, या खांबापाशी. मला बघितलं आणि आधी हसली, मग तिचे डोळे भरले, मग परत हसली. "किती राहिलेत?" म्हणाली. पस्तीस. तिनं तो माझ्या हातातून घेऊन आईच्या हातात दिला, "आई, हे बटण, हेच, दुसरं नाही." मग मी तिची बॅग वर चढवली, दोन्ही हातांनी, आणि तिला जवळ घेतलं, तेही दोन्ही हातांनी. लहानपणी घ्यायचो तसं. मागून बायको विचारतेय, "अहो, दाबू का आता?" बस सुटली तेव्हा मुलीनं खिडकीतून हात हलवला नाही. एक बोट हवेत दाबून दाखवलं, बाबा, बटण. गेली. मी धाकटा परत हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. बटण दाबत.

धाकटा संपला चौदा तास अठरा मिनिटांनी, घरी, माझ्या उशाशी. सकाळी साहेबांना मी सगळं खरं सांगितलं, लबाडीसकट. साहेब खुर्चीतून पुढं झुकले. "चालताना चालला?" हो सर. "रस्त्यावर? उन्हात दिसत होतं?" हो सर. "स्टँडवर, गर्दीत, घरचा कार्यक्रम चालू असताना?" मला वाटलं, कौतुक चाललंय. मी छाती काढून म्हटलं, हो सर. आठवड्यात हुकूम निघाला. सगळ्यांना धाकटा. त्यावर एक हिरवा ठिपका, चार मिनिटं हात लागला नाही की तो पिवळा, आणि तो सकाळी आठ ते संध्याकाळी आठ हिरवा दिसला पाहिजे, जिथं असाल तिथं, कारण चार्ज नव्हता ही सबब आता उरलेली नाही, सोबत अहवाल जोडला आहे. माझा अहवाल. डिस्पॅचच्या बाई तेव्हापासून माझ्याशी एकच वाक्य बोलल्यात. "खरं लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" थोरल्याला सिस्टीमवाला घेऊन गेला. मी म्हटलं, आठवण म्हणून ठेवू का? म्हणाला, "वरून परवानगी नाही."

आज पाच महिने झाले. मुलगी पहिल्यांदा घरी येतेय. परवा फोनवर म्हणाली, "बाबा, मलाही कंपनीनं लॅपटॉप दिला, तुमच्या धाकट्याच्या पुढचा. बावीस तास चालतो." मी फोन दुसऱ्या हातात घेऊन बटण दाबलं. ती म्हणाली, "बाबा?" मी म्हटलं, आहे. मग ती हळूच म्हणाली, "बसमधून उतरताना माझ्या हातात उघडाच असेल हं. दचकू नका."

ही बघा, आली बस. ती तिसऱ्या खिडकीतली, खालून चेहऱ्यावर उजेड पडलाय ती, तीच माझी. अहो काका, तुमची गाडी साडेसातची ना? मग एवढं करा, हा माझा धरा, आणि ती उतरली की तिचाही घ्या, दोन मांड्यांवर दोन. पाच महिन्यांनी भेटतेय पोर, मला दोन्ही हात मोकळे हवेत आणि तिचेही हवेत. विशेष काही करायचं नाही, चार मिनिटांनी हे बटण, एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि काका, आम्ही येईपर्यंत उठायचं नाही.