मधुकरराव चर्चमध्ये कणीक भिजवते

...नाही पण, फुकट काहून? तुमाले सांगतो, आमच्या शेजारच्या मधुकररावचा सारा जीव ह्या एका शब्दात अडकला होता... काहून! चर्चच्या फाटकावर बोर्ड लागला, हिवाळी कार्यक्रम, सर्वांसाठी खुला. नाताळची गाणी, केकविक्री, बीपी तपासणी, बायांसाठी इंग्रजी, म्हाताऱ्यांसाठी मोबाईल, अन् सगळ्यात खाली : 'पुरुषांसाठी स्वयंपाक वर्ग, मोफत.' मधुकररावनं स्कूटर थांबवून तो बोर्ड पोलिसवाला लायसन पाहते तसा पाहिला, मागं जाऊनही पाहिला, मागं काही नव्हतं, तर म्हणे, "मागं काहीच नाही! काहून?"

अन् घरी आले तर काय, सुभद्रावहिनीनं त्यांचंच नाव देऊन टाकलेलं!

"काहून वं? इतकी वर्षं तू करून राहिली, मी खाऊन राहिलो, कोणाची तक्रार हाय?"

"शिका ना जी. शिकायले काय जाते?"

आता 'काय जाते' म्हटलं की मधुकररावले काहीतरी जाणारच असं वाटते! पण गेले. चपला बाहेर काढल्या, पुन्हा घातल्या, कोणी नेल्या तर? चहा आधी हुंगला, मग प्याले. फादरनं हात जोडून "या, बसा" म्हटलं, तर मनात, यानं पहिले हात जोडले... काहून? आता धर्म काढते, मग धर्म काढते, म्हणून हा माणूस कान टवकारून बसला, अन् शिकवणाऱ्या दिपाली मॅडमनं काढलं काय? वांग्याचे देठ! वरून, "काका, कणकीत पाणी जास्त झालं." बस्स. त्या दिवशी दुसरं काही झालं असंल, तर ती फोडणी!

पुढच्या खेपेले वर्गात बाजूले बसले गिरिधरभाऊ. त्यांची पोळी अशी गोल, की मधुकरराव पाहतच राहिले.

"कोणी शिकवलं गा?"

"कोणी नाही. बायको आजारी होती तवा म्हणे, शिकून घ्या. मी हसण्यावारी नेलं. गेल्या पावसाळ्यात गेली, तवा मले भाताले पाणी किती लागते तेही माहीत नव्हतं."

संपलं! मधुकररावच्या हातातलं लाटणं जागीच थांबलं. शिका ना जी... शिका ना जी... अरे, पण काहून शिका?

तिथून चर्च राहिलं बाजूले, शक सारा वहिनीवर! औषधाचा डबा उपसला, त्यात निघाला बाम. वहिनी खोकलल्या की हे उभे. वहिनी जिना चढल्या की हे मागं. दुपारी वहिनीचा जरा डोळा लागला, तर ह्यांनी नाकासमोर बोट धरलं! वहिनी दचकून उठल्या.

"काय करून राहिले जी?"

अन् हा माणूस, साऱ्या मोहल्ल्यावर डाफरणारा, बोट तसंच धरून रडायले लागला. "खरं सांग सुभद्रा. डाक्टर काय म्हणाला?"

वहिनी पहिले हसल्या. मग हसता हसता थांबल्या, त्यांचं बोट खाली घेतलं, म्हणाल्या, "मले काही नाही झालं जी. उमरेडले बहिणीनं, पुष्पलतानं, हातमाग पुन्हा सुरू केला. मीही लग्नाआधी मागावर बसत होती, लुगड्याचे काठ विणत होती. बहिणीजवळ जाऊन पुन्हा विणायचं हाय मले. पण मी गेली तर तुमी जेवान काय? म्हणून नाव दिलं."

पाहा बाप्पा! इतका संसार झाला, अन् बायकोच्या हातात हे हाय, ह्या माणसाले पत्ताच नाही!

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी 'काहून' म्हटलं असतं."

मधुकररावनं पिशवी उचलली, स्वतः जाऊन वहिनीले उमरेडच्या एसटीत बसवलं, खिडकीतून म्हणे, "जा वं. आरामात ये."

घरी वरण लागलं, भात करपला. पण चर्चमध्ये जाणं सोडलं नाही, अन् एका रविवारी वांग्याची भाजी अशी जमली, की गिरिधरभाऊले बोलावून वाढली, फोटो काढून वहिनीले धाडला. लगेच फोन.

"तर्री काय लाल आली जी! जमून राहिलं ना तुमाले?"

छाती फुगली! "जमून राहिलं म्हणजे? एक नंबर!"

"बरं झालं बाई. मग मी होळी करूनच येते."

फोन ठेवला, अन् मग मधुकररावच्या ध्यानात आलं, की कोणती होळी, यंदाची का पुढची, हे तिनं सांगितलंच नाही... अन् विचारायची आता हिंमत नाही!