चकार शब्द काढायचा नाही

बुद्धिबळाच्या दालनाबाहेर पाण्यासाठी रांग होती. पंचांच्या पुढेच, नुकताच वेळ संपून हरलेला खेळाडू आणि त्याची बायको उभी होती. पंचांनी हातातली रिकामी बाटली उगाच न्याहाळायला घेतली.

"तीन महिने तो सिसिलियन बचाव घोकत घर डोक्यावर घेतलंत. फळ मिळालं म्हणायचं!"

"बचावाला नावं ठेवू नकोस. हत्ती देऊन घोडा मारला मी. त्याचा राजा पार उघडा पडला होता!"

"मग हरलं कोण? राजा?"

"चाल खेळलो आणि घड्याळाचं बटण दाबायचं राहिलं. मला वाटलं, तो विचार करतोय. वेळ माझाच जात होता."

"किती गेला?"

"वीस मिनिटं."

"आणि वीस मिनिटं आपण काय करत होतात?"

"त्याचा घाम बघत होतो."

"वा! घड्याळ नाही बघितलंत?"

"एवढी देखणी चाल खेळल्यावर घड्याळाकडे कोण बघतंय?"

"मी बघत होते. पहिल्याच रांगेत होते ना. तुमचे आकडे पळत होते, त्याचे जागच्या जागी."

"अगं, मग बोलायचं नाहीस?"

"निघताना कुणी बजावलं होतं? 'तुला यातलं ओ की ठो कळत नाही, तिथे चकार शब्द काढायचा नाही.'"

"निदान खोकायचंस तरी!"

"खोकले की. दोनदा."

"मग?"

"तुम्ही वळून डोळे वटारलेत."