कपाटाला कुलूप नव्हते

दिनांक १९ फेब्रुवारी २००८, मंगळवार. आज सकाळी नऊ वाजता घरून पायी निघालो. रस्त्याला चालण्याची वाट नसल्यामुळे कडेच्या गवतावरून यावे लागले. दहा वाजून पाच मिनिटांनी पोलीस ठाण्यात पोहोचलो. तपास करणाऱ्या अधिकारी बाईंनी सांगितले की मराठी दुभाषी गुरुवारी मिळेल. मला आजच सांगायचे आहे, असे मी म्हणालो. त्यांनी कागद दिले आणि आपल्या भाषेत लिहा, भाषांतर करून घेऊ, असे सांगितले.

माझे नाव देवानंद नारायण खोब्रागडे, वय ६३ वर्षे, निवृत्त, पूर्वी छापखान्यात शिशाची अक्षरे, म्हणजे खिळे, जुळवणारा जुळारी, राहणार नागपूर, सध्या मुक्काम मुलगी सौ. प्रणिता राकेश गजभिये हिच्या घरी, कॅरी, नॉर्थ कॅरोलिना. समक्ष हजर राहून लिहून देतो की,

मी दिनांक ३ नोव्हेंबर २००७ रोजी येथे आलो. घरात मुलगी, जावई राकेश, नात कांचन, वय साडेचार वर्षे, आणि धाकटी नात शुभा, वय सात महिने, असे राहत होते. जावई सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला निशाणबाजीचा शौक असून तो शनिवारी रेंजवर जातो. त्याच्याकडे परवाना वगैरे जे लागते ते आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

बंदुकीच्या गोळीचा पुढचा शिशाचा भाग तो घरीच, गॅरेजमध्ये, साच्यात ओततो. पूर्वी तो त्यावर मेण आणि ग्रीस लावत असे. गेल्या वर्षापासून त्याने ते सोडून रंगाची कोरडी पावडर लावून ओव्हनमध्ये भाजण्यास सुरुवात केली. मला त्याने कौतुकाने दाखवले. म्हणाला, "बाबा, ग्रीसचा जमाना गेला. धूर नाही, चिकट नाही, हात काळे नाहीत. शिसं पूर्ण पॅक. बघा, हातात घ्या." मी हातात घेतले. लाल, निळे, हिरवे, पिवळे असे चार रंग होते.

ओव्हन स्वयंपाकघरातला होता. मुलीने तो परत मागितला, तेव्हा तो म्हणाला, "यार प्रणिता, किती टेन्शन घेतेस. नवीन आणतो ना." नवीन आणला. पण तयार माल तो कपडे धुण्याच्या मशीनवर उघड्या ट्रेमध्ये ठेवीत असे. गॅरेजमध्ये लोखंडी कपाट आहे. त्यात त्याच्या बंदुका असतात व त्याला कुलूप असते. शेजारी लाकडी कपाट आहे, त्याला कुलूप कधीच नव्हते. ट्रे त्यातही ठेवलेला मी पाहिला नाही. मुलीने माझ्यासमोर त्याला चार वेळा सांगितले की लहान मुलं आहेत, हे उचल. चौथ्या वेळी तो हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबांना विचार. आख्खं आयुष्य शिशात गेलं त्यांचं. सांगा बाबा हिला."

मी तिला सांगितले. मी म्हणालो, "एकतीस वर्षं खिळे जुळवले मी. बोटं काळी करून घरी यायचो, तुला कडेवर घ्यायचो. छापखान्यात रोज गूळ मिळायचा, तो खायचा, की झालं. मला काय झालं? तुला काय झालं?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण?" त्यानंतर ती या विषयावर बोलली नाही. ही गोष्ट २६ जानेवारीची आहे. तुम्ही तिला विचारत आहात की तुम्ही आई असून गप्प का बसलात. ती गप्प बसली नव्हती. तिला गप्प आम्ही दोघांनी केले.

शनिवार, २ फेब्रुवारी. कांचनच्या लुडोच्या सोंगट्या हरवल्या होत्या. पट होता. मी राकेशकडून चार रंगांचे चार चार, असे सोळा नग मागून घेतले. तो म्हणाला, "घ्या ना, बाबा. दारू नाही, काही नाही, नुसता धातू आहे." काही नग पटावर नीट उभे राहीनात. मी मुलीच्या नखांच्या कानशीने त्यांचे बूड सपाट केले. बुडाचा रंग गेला आणि खाली खिळ्याची असते तशी चकाकी दिसली. ती मला ओळखीची वाटली. रंग मी काढला, हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

मुलगी तेव्हा शुभाला घेऊन वरच्या खोलीत होती. कांचन म्हणाली, "आबा, आय ॲम रेड." मी म्हणालो, "लाल म्हण." ती म्हणाली, "लाल आय ॲम." आम्ही दोन डाव खेळलो. दोन्ही तिने जिंकले. नंतर मुलीने पट पाहिला, तेव्हा मी सांगितले की राकेशने प्लास्टिकच्या सोंगट्या आणल्या. हे मी खोटे सांगितले. ती दिवसभर दमलेली असे. तिने हातात घेऊन पाहिले नाही.

सोमवारी, ४ तारखेला, डबा बंद करताना पंधरा भरल्या. लाल एक कमी होती. मी सोफ्याखाली पाहिले, गालिचा उचलून पाहिला. कोणाला सांगितले नाही. त्याच संध्याकाळी कांचनला उलट्या सुरू झाल्या. बुधवारी मुलीने तिला दवाखान्यात नेले. तेथे पोटाची साथ आहे असे सांगण्यात आले. घरात काही खाल्ले का, असे डॉक्टरांनी विचारले. मुलीला माहीत असते तर तिने सांगितले असते. मला माहीत होते आणि मी गाडीत बसून होतो, कारण बाहेर थंडी असली तरी दवाखान्याचा वास मला सोसत नाही.

शनिवारी, ९ तारखेला, दुपारी तिला झटका आला. पुढचे हॉस्पिटलच्या कागदात आहे. एक्स-रे मी पाहिला. त्यात पोटात ती सोंगटी दिसत होती. मंगळवार, १२ तारीख, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे.

बुधवारी तुमच्या सरकारच्या बालकल्याण खात्याच्या बाई येऊन शुभाला घेऊन गेल्या. तिच्या ताब्याची सुनावणी २५ तारखेला आहे. त्या बुधवारीच राकेश माझ्या खोलीत आला. दार लावून म्हणाला, "बाबा, तुम्ही एप्रिलमध्ये परत जाणार. माझा जॉब आहे, व्हिसा आहे. लाकडी कपाटाला लॉक होतं आणि प्रणिताने ते उघडं ठेवलं, एवढंच आपण दोघांनी सांगायचं. तिला काही होणार नाही, ती आई आहे." त्याला उत्तर येथे देत आहे.

कपाटाला कुलूप नव्हते. राकेशने तुम्हाला कुलूप होते असे जे लिहून दिले आहे ते खोटे आहे आणि ते खोटे आहे हे त्याला माहीत आहे. त्याने निष्काळजीपणा केला, हसण्यावारी नेला, आणि मूल गेल्यावर तो बायकोच्या नावावर टाकला. ज्या माणसाने मुलगी गेलेल्या आईला त्या मुलीचीच गुन्हेगार ठरवले, त्याच्या घरात मी कालपासून पाणीही घेतलेले नाही. सोंगट्या मी दिल्या. रंग मी काढला. खोटे मी बोललो. एक कमी आहे हे मी पंधरा दिवस मनात ठेवले. यासाठी जो गुन्हा होत असेल तो माझ्यावर लावावा. माझ्या मुलीचा यात दोष नाही. तिची मुलगी तिला परत द्यावी.

उरलेल्या पंधरा सोंगट्या व कानस सोबत आणली असून टेबलावर ठेवली आहे.

हा जबाब मी पूर्ण शुद्धीवर, कोणी न सांगता लिहिला आहे. जबाब देणाऱ्याला तो वाचून दाखवतात, हे मला माहीत आहे. येथे मराठी येणारे कोणी नाही. अधिकारी बाई बाहेर गेल्या आहेत. म्हणून दार लोटून मीच तो पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचला. तिसऱ्या पानावर एक तारीख चुकली होती. ती दुरुस्त करून बाजूला सही केली.

देवानंद ना. खोब्रागडे