उठवायचं कडवं

माझं गाव म्हणाल तर हेच, कुंभकोणम्, जन्म इथला, बापाचा इथला, त्याच्या बापाचाही इथलाच, आणि तरी रस्त्यावरले लोक आम्हांस अजून मराठी रायर, म्हणजे मराठी राव, म्हणतात, काय सांगू तुम्हांस. तुम्ही पुण्याकडले, माझं बोलणं ऐकून मघापासून गालात हसता, मला दिसतं हो. हसा. घरात आम्ही हेच बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ.

बाप कीर्तन करी, मग मी करू लागलो. पट्टीश्वरम्, तिरुभुवनम्, जिथं उत्सव तिथं मी पुढं आणि धाकटा भाऊ भीमण्णा मागं, मी ओळ टाकायची, त्यानं झेलायची, असं उभं आयुष्य गेलं. कथा तमिळात, मधली पदं मराठीत, लोकांस अर्थ कळेना तरी माना डोलवीत. पण नमन जाहल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, बापानं तैसं लावूनच दिलं होतं. एकदा पट्टीश्वरमास मंडप गळू लागला, लोक पळाले, आम्ही दोघं भिजत नमन पुरं करून मगच उठलो. भीमण्णा मला शिव्या देत होता, पण सुरात.

आईचं सांगायचं राहिलंच. ती गाणारी नव्हे, पण तिच्यापाशी एक पाळणा होता, तिच्या आईकडून आलेला. निज रे सावळ्या, लाविलें मी दार, गाई आल्या घरीं, जाहला अंधार, असा तो सुरू होई. पुढं पाच कडवी, आणि शेवटचं कडवं उठवायचं. निजवलेलं लेकरू उठवल्यावाचून पाळणा सोडू नये, असं ती म्हणे, पोर गाढ झोपलं असलं तरी हळू आवाजात ते कडवं म्हणूनच उठे. तिच्यामागं तो पाळणा आम्हां दोघा भावांसच येई. मी तो कीर्तनात कधी घातला नाही, घरची वस्तू म्हणून.

मग केस पिकल्यावर, दात हलू लागल्यावर ग्रामोफोनच्या प्लेटी भरणारे प्लेटवाले आले. छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, त्यांनी यंत्र लावलं, दिवा पेटला की गायचं, विझला की थांबायचं. त्यांचा मोठा माणूस म्हणाला, एका बाजूस तमिळ पद गा, दुसऱ्या बाजूस तुमचं काही मराठी गा, प्लेट एकच. मी भीमण्णास म्हटलं, अरे आईचा पाळणा राहील, आपण गेलो तरी राहील. तो उपरण्यानं डोळे पुसू लागला. मला दुसरं काही नको होतं हो, नाव नको, हार नको, तो पाळणा पुरता त्या प्लेटीत जावा एवढंच होतं.

तमिळ बाजू ठीक जाहली. मग दुसरी. आता तुम्ही म्हणाल, नमन पहिल्या बाजूस जाहलं होतं की. जाहलं होतं. पण प्लेट कोण कोणत्या बाजूनं लावील काय ठाऊक? कुणी पाळण्याचीच बाजू आधी लावली तर ते नमनावाचून गाणं होणार, आईचं गाणं, आणि नमनावाचून! म्हणून मी पुन्हा नमन धरलं, भीमण्णानं झेललं, दोघंही रंगलो. त्यास किती वेळ लागतो हे कीर्तनात कोण बघतो? तिथं रात्र आपलीच असते. पाळण्याच्या दुसऱ्या कडव्यात होतो तर तो माणूस हात हलवू लागला. मला वाटलं खूश जाहला. मी आणखी आळवून म्हटलं. मग दिवा विझला, आणि तो म्हणाला, अय्या, प्लेट संपली, एका बाजूस तीनच मिनिटं मावतात. दुसरी मागितली, तर कोरी एकही उरली नव्हती, आणि संध्याकाळच्या गाडीनं त्यांस जायचं होतं.

भीमण्णा तिण्णैवर, दारापुढल्या ओट्यावर, बसून राहिला. म्हणाला, दादा, पोरास अंधारात ठेवून आलो. पुढल्या वर्षी तो गेला. त्याच आजारपणाच्या दिवसांत माझा घसा बसला तो बसलाच. प्लेट मात्र खपली, आमच्या लोकांच्या घरोघरी आहे.

परवा भीमण्णाच्या लेकीकडं बारसं होतं. बायका पाळण्याभोवती उभ्या राहिल्या आणि आईचाच पाळणा म्हणू लागल्या, प्लेट ऐकून शिकलेला, आणि काय सांगू, जिथं दिवा विझला तिथंच साऱ्या एकदम थांबल्या, दुसऱ्या कडव्याच्या अर्ध्यात, जणू तो तेवढाच आहे. घुगऱ्या वाटायला लागल्या. मी म्हटलं, अगं पुढं आहे, त्यास उठवा. भीमण्णाची लेक म्हणाली,

"काका, पाळणा एवढाच आहे."

मी म्हणून दाखवायला गेलो तर घशातून खरखर आली, बायका पाणी आणायला धावल्या. फार वाईट वाटलं हो. अजून वाटतं.

तुम्ही लिहून घेता आहात तर हे घ्या. उठ रे सावळ्या, उघडिलें मी दार, दूध तापलें रे, सरला अंधार. लिहिलंत? चाल नाही ना लिहिता येत? नाहीच येत. असो. कापी प्या, निवली असेल. तुमच्या घरी लेकरं असतील, देव त्यांस औक्ष देवो, आणि सकाळी त्यांस उठवाल तेव्हा चालीवाचून का होईना, हे म्हणा.