नागपूरचं तिकीट निघेना

हॅलो?… हां, निकिता, बोल… कसली निघतेय प्रिंट! लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर सापडत नाही. बाहेरच्या खोलीत ढळढळीत दिसतोय मला, आणि याला सापडत नाही!

हो, हो… अगं ऐक ना. अडीचला नाशिकरोडहून गाडी. तिकिटाचा कागद नसला तर टीसी उतरवेल मला… सायबर कॅफे? आज रविवार, बंद. तुझी बाळंतपणाची तारीख उद्यावर आली, आणि आई इथे बटणं दाबत बसलीय!

कोणता?… पप्पांचा कॉम्प्युटर? तो कशाला? तिकीट तर लॅपटॉपमध्ये आहे… अच्छा, प्रिंटर त्याला जोडलाय? तो चालू असला तरच लॅपटॉपचं ऐकणार?… मग गेल्या दिवाळीत जावईबापू वायरी ओढून गेले, तेव्हा सांगायला काय झालं होतं!… सांगितलं होतं? बरं, असेल.

बंदच आहे गं. पप्पा गेल्यापासून प्लगच काढून ठेवलाय. दसऱ्याला कव्हरवरूनच हळदीकुंकू लावलं, झेंडू ठेवला, झालं… हात नाही लागत माझा त्याला.

आठवतं? तू नववीत होतीस. पप्पा सीबीएस स्टँडवरून रिक्षात मांडीवर घेऊन आले होते त्याला. अख्खी गल्ली बघायला! शेजारच्या नवसामावशींनी तर ओवाळलं त्याला… हो, पेढा पण ठेवला होता समोर!

थांब, कॉर्डलेस घेऊन जाते… लावला प्लग. घरघरतोय मेला… कागद? नाहीयेत. तुझ्या जुन्या गठ्ठ्यातले घालते… आलं, आलं! निघतंय काहीतरी!

… अगं, हे तिकीट नाही. मराठी आहे. मोठी अक्षरं… ‘सुवर्णा’… माझं नाव आहे गं वर.

… आहे, आहे मी फोनवर. वाचते. ‘मोटर दहाच मिनिटं लाव. गॅसचा नंबर फ्रीजवर. गुडघ्याचं औषध विसरू नकोस.’

अडकून राहिलेलं म्हणजे?… कागद नव्हते म्हणून आतच थांबलेलं? हो, पप्पा ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशीचं असणार. मला म्हणाले, कागद संपलेत, आणून दे. मी म्हटलं, आता कशाला हवेत कागद!… नाही आणले गं मी. कोपऱ्यावर तर दुकान होतं. नाही आणले.

रडत नाही… ऐक पुढे. ‘कॉम्प्युटर अधूनमधून चालू कर, ओल धरेल. चपला घालून बसलीस तरी चालेल. मी उगाच ओरडायचो.’… बाई गं! दहा वर्षं अनवाणी केर काढला या खोलीत!

हस, हस तू… हो, येतंय मागून तिकीट. आलं. माझं नाव, गाडीची वेळ, सगळं बरोबर…

निघते. बॅग भरलेलीच आहे… नाही, बंद नाही करत त्याला, राहू दे जरा… ठेव आता, निकिता. अजून खाली दोन ओळी आहेत, त्या मला एकटीला वाचू दे.